सोयऱ्यांची भिंत : कोपरखैरण्याच्या अभ्यासिकेतल्या प्रकल्प नोंदी

रविवार, 22 जून 2025

शाळा सुरू होऊन आठवडा झाला, अभ्यासिका आजपासून. सोसायटीच्या ऑफिसची मागची खोली, शनिवार-रविवार संध्याकाळी पाच ते सात. आठवी-नववीची अकरा मुलं, सगळी मराठी माध्यमाची. बहुतेकांचे वडील वाशी मार्केटात माथाडी. गाव विचारलं की पाटण, जावळी, शिराळा अशी नावं येतात.

पहिल्याच दिवशी श्रुतलेखन घेतलं. 'नी', 'नाइफ', 'नॉट', 'नो'. गुडघा, सुरी, गाठ, जाणणं. अकरापैकी नऊ जणांनी चारही शब्द 'एन'नं सुरू केले. चुका दाखवल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलानं विचारलं, "ताई, के बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?"

माझ्या जिभेवर आलं होतं, "सायलेंट आहे, पाठ कर." मलाही तेच सांगितलं गेलं होतं. सातवीत उभं राहून धडा वाचताना मी 'क्नाइफ' म्हटलं. वर्ग हसला, शिकवणारेही हसले. दहावीपर्यंत मी पुन्हा इंग्रजी मोठ्यानं वाचलं नाही. आज तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात हिशेब लिहिते, दिवसभर इंग्रजी कागद हाताखालून जातात, तरी ते हसू कानातून गेलेलं नाही. म्हणून त्याला एवढंच म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगते. प्रश्न वहीत लिहून ठेव."

बुधवार, 25 जून

ठरलं. खोलीची एक भिंत घ्यायची. ज्या इंग्रजी शब्दांत काही अक्षरं सारखी आहेत ते शेजारी शेजारी लावायचे, प्रत्येकाखाली मराठी अर्थ, आणि अर्थाचा धागा जुळत असेल तर मधे सुतळी बांधायची. लग्नाच्या याद्या करताना घरात कोण कोणाचं कोण ते लावतात, तसं. आईनं नाव सुचवलं : सोयऱ्यांची भिंत.

सामान : चार्ट पेपर, सुतळीचा गुंडा, टाचण्या, स्केचपेन. आणि फोर्टच्या फुटपाथवरून मागे घेतलेला जाडा इंग्रजी कोश, ज्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी त्याचं मूळ दिलेलं असतं. पंधरा वर्षं घरात आहे, आजवर मी फक्त अर्थ बघून मिटत आले.

रविवार, 29 जून

के-एन चा दिवस. मनापासून तयारी केली होती.

मुलांना सांगितलं : हा के एके काळी बोलत असत. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला 'क्नेओ' असं काहीसं म्हणत, आणि जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो, के सकट. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना आणला. पुस्तकं छापली जाऊ लागली तसं स्पेलिंग हळूहळू घट्ट बसत गेलं. पुढच्या दोनेकशे वर्षांत लोकांच्या तोंडातून के गळला, पण कागदावर होता तिथेच राहिला. म्हणजे ते अक्षर चुकीचं नाही, जुनं आहे.

प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे क्नाइफ म्हणणारा चुकत नव्हता, त्याला फक्त उशीर झाला होता." मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही.

मग मुलांनीच टूम काढली की लिहिताना मनात 'क्नी, क्नाइफ, क्नॉट, क्नॉक, क्निट' म्हणायचं आणि बोलताना के गिळायचा. खोलीभर क्ना-क्नी चाललं होतं. पुन्हा श्रुतलेखन घेतलं, अकराच्या अकरा बरोबर.

आजची खरी कमाई वेगळीच. वरच्या मजल्यावर संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. आवाज ऐकून त्या खाली आल्या. भिंतीवरचा गुडघ्याचा कागद बघून म्हणाल्या, "अगं, हा तर आपला जानु. आजानुबाहू म्हणतो ना, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा? त्यातला." लॅटिनमध्ये गुडघा 'गेनू'. जानु, गेनू, क्नी. आणि जाणण्याचा 'नो' हा संस्कृत 'ज्ञा' या धातूचा सोयरा. मी कोश उघडला. बाईंचं खरं होतं.

ज्ञ लिहितो कसा? ज आणि ञ जोडून. बोलतो कसा? आपण 'द्न्य', हिंदीवाले 'ग्य', गुजराती 'ग्न'. लिहिलेलं एक, बोललेलं दुसरं. मी फळ्यावर ज्ञान लिहिलं आणि विचारलं, "यातला ज कुठे ऐकू येतो?" सगळी गप्प. आपल्याच अक्षरात तीच गोष्ट होती, आपण कधी तिला सायलेंट म्हटलं नाही.

शनिवार, 5 जुलै

ज्ञा ची सुतळी आजही पुरली नाही. ग्रीक आणि लॅटिनमधून आलेल्या शब्दांत तीच जोडी जी-एन होऊन बसलीय. 'रेकग्नाइज' म्हणजे ओळखणं, 'इग्नरन्स' म्हणजे अज्ञान, 'डायग्नोसिस' म्हणजे निदान (हे नववीतल्या मुलीनं आणलं, तिची आजी वाशीच्या दवाखान्यात दाखल आहे, केसपेपरवर लिहिलेलं होतं).

बाईंनी फळ्यावर दोन शब्द एकाखाली एक तोडून लिहिले. अ-ज्ञा-त. अन-नो-न. नकार, जाणणं, आणि मागचा प्रत्यय. पहिले दोन तुकडे एकमेकांचे सोयरे, प्रत्यय वेगळ्या घरचा, पण काम तेच. मी ऑफिसात रोज पावत्यांवर 'अननोन पार्टी' लिहिते. आजपासून वेगळं दिसेल.

रविवार, 6 जुलै

आषाढी. सहाच मुलं आली, खोलीत साबुदाण्याच्या खिचडीचा वास. मोठा विषय लांबवायचा विचार होता, पण सहा जणांपुढे जे झालं ते लिहायलाच हवं.

डब्ल्यू-एच चे शब्द लावले : 'हू', 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय', 'विच'. मराठी अर्थ मुलांनी लिहिले : कोण, काय, कुठे, केव्हा, का, कोणता. लिहून झाल्यावर आठवीतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, "ताई, त्यांचे सगळे डब्ल्यू-एच आणि आपले सगळे क."

हे मी सांगणार होते, तिनं स्वतः पाहिलं. जुनी मूळ भाषा, जिच्यापासून संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मन घराणं निघालं, तिच्यात प्रश्नाचे शब्द 'क्व' सारख्या उच्चारानं सुरू होत. संस्कृतात क राहिला, लॅटिनमध्ये 'क्विस', 'क्वांडो' असं क्यू-यू झालं, आणि इंग्रजीच्या घराण्यात क चा ह झाला. जुन्या इंग्रजीत एच आधी आणि डब्ल्यू नंतर लिहीत, पुढच्या लेखनिकांनी जागा उलटवल्या. 'हाऊ' याच घरातला, त्याचा डब्ल्यू पार विरघळून गेला. आपल्याकडे त्याचा अर्थ कसा. पुन्हा क.

मग विचारलं, प्रश्न क नं, तर उत्तर कशानं? कुठे? तिथे. केव्हा? तेव्हा. कसा? तसा. इंग्रजीत? 'व्हेअर'ला 'देअर', 'व्हेन'ला 'देन', 'व्हॉट'ला 'दॅट'. टी-एच. आपला त, त्यांचा टी-एच. फळ्यावर दोन रकाने भरले आणि मुलं नुसती बघत राहिली. पुढच्या बाजूला बसलेल्याला कुठे-तिथे, व्हेअर-देअर अशी लय सापडली आणि तो टाळ धरल्यासारख्या टाळ्या वाजवू लागला.

ही सोयरीक जगापुढे ठळकपणे कुणी मांडली तेही सांगितलं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत 1786 मध्ये सर विल्यम जोन्स या न्यायाधीशानं भाषणात म्हटलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगानं होण्यासारखं नाही, तिन्ही एका उगमातून निघाल्या असाव्यात. पुढे 1822 मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमनं अक्षरं कुठल्या नियमानं बदलतात ते मांडलं. भावासोबत लोककथा जमवणारा ग्रिम, तोच.

आज घरी परत येताना रिक्षात बसायचं भान नव्हतं. सेक्टर पाच ते माझ्या घरापर्यंत भिजत चालत आले.

शनिवार, 12 जुलै

भिंतीवर 'व्हाइट' आणि 'व्हील' आले. मुलांनी डब्ल्यू-एच च्या रकान्यात टाचले. त्यात प्रश्न कुठे आहे? नाही. 'व्हील' म्हणजे चाक, चक्र. व्हील आणि चक्र हेच मुळात सोयरे. 'व्हाइट' हा श्वेत चा. तीन वेगळी घरं एकाच दारामागे.

चक्राचा ग्रीक भाऊ 'किक्लोस', त्यावरून 'सायकल', 'बायसिकल', 'सायक्लोन'. सायक्लोन हा शब्द तर कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टननं 1848 मध्ये घडवला, बंगालच्या उपसागरातल्या गोल फिरणाऱ्या वादळांसाठी.

मंगळवार, 15 जुलै

ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर लेजर उघडं आहे.

'डेट' म्हणजे कर्ज. स्पेलिंग डी-ई-बी-टी, बी ऐकू येत नाही. हा बी के सारखा जुना नाही. फ्रेंचमधून आलेला शब्द इंग्रजीत आधी बी शिवायच लिहीत. पुढे लॅटिन जाणणाऱ्या पंडितांना वाटलं की मूळ 'डेबिटुम' मधला बी दिसला पाहिजे, म्हणून तो आत घातला. बोलणाऱ्यांनी त्याला कधीच तोंडात घेतलं नाही. मी सतरा वर्षं डाव्या बाजूला 'डेबिट' लिहिते, तो बी तिथे खणखणीत ऐकू येतो. डेट आणि डेबिट. एकच घर.

'रिसीट' मधला पी तसाच घातलेला. 'रिसेप्शन' मध्ये ऐकू येतो. 'डाउट' मधला बी सुद्धा. आणि डाउट लॅटिनच्या 'दुओ' म्हणजे दोन पर्यंत जातो. मन द्विधा होतं म्हणतो तेच.

'क्रेडिट' वर मात्र थांबले. लॅटिन 'क्रेडो', मी विश्वास ठेवतो. 'क्रेडिबल' विश्वासार्ह, 'इन्क्रेडिबल' विश्वास बसू नये असं. चारही अक्षरं, सी-आर-ई-डी, सगळ्यांत. कोशात पुढे दिलंय की क्रेडो हा संस्कृत 'श्रद्धा' चा सोयरा. श्रद्धा! उधारीच्या रकान्याला मी रोज श्रद्धा म्हणत होते. मार्केटात अजूनही लाखांचे व्यवहार शब्दावर होतात, हे इथल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

शनिवार, 19 जुलै

'आयलंड' मधला एस : सरळसरळ चूक. जुना शब्द एस शिवाय होता. 'आइल' हा दुसराच शब्द, लॅटिन 'इन्सुला' वरून आलेला. दोघांचा अर्थ बेट, म्हणून लिहिणाऱ्यांनी एकाचा एस दुसऱ्याला लावला. मुलांना याचा फार आनंद झाला. इंग्रजांचंही चुकतं, आणि चूक चारशे वर्षं टिकते.

रविवार, 20 जुलै

गप्प अक्षरं सोयऱ्यांच्या तोंडून बोलतात, हा आजचा खेळ. 'साइन' चा जी 'सिग्नेचर' आणि 'सिग्नल' मध्ये. 'बॉम' चा शेवटचा बी 'बॉम्बार्ड' मध्ये. 'सॉफन' चा टी 'सॉफ्ट' मध्ये. 'ऑटम' चा एन 'ऑटम्नल' मध्ये. 'मसल' चा सी 'मस्क्युलर' मध्ये.

मसलचा अर्थ स्नायू असं लिहिलं तर पोरांनी बाह्या वर करून दंड फुगवले. विचारलं, ही जी वर येते तिला काय म्हणता? एका सुरात, "बेडकी!" लॅटिन माणसाला तिथे बेडूक दिसला नाही, उंदीर दिसला. 'मुस्कुलुस' म्हणजे पिटुकला उंदीर. कातडीखाली पळतो म्हणून. त्यावरून मसल. आणि तो मुस म्हणजे इंग्रजीतला 'माउस' आणि आपला मूषक. गणपतीचं वाहन दंडात शिरलं. आज शब्दांपेक्षा दंडच जास्त मोजले गेले, पण मसलचं स्पेलिंग यांच्यापैकी एकही जण आता विसरेल असं वाटत नाही.

शनिवार, 26 जुलै

पी-ओ-आर-टी. सर्वांत जास्त कागद. हे शब्द आणायला मुलांना लांब जावं लागलं नाही. तुर्भ्यापासून कळंबोलीपर्यंत दर दुसऱ्या पाटीवर ट्रान्सपोर्ट. उरणकडे जाणाऱ्या कंटेनरवर एक्स्पोर्ट. घरात पासपोर्टचा फोटो, शाळेचा रिपोर्ट, उलव्याच्या एअरपोर्टचे फलक.

मूळ लॅटिन 'पोर्तारे', वाहून नेणं. 'इम्पोर्ट' आत वाहणं, 'एक्स्पोर्ट' बाहेर, 'ट्रान्सपोर्ट' पलीकडे. 'रिपोर्ट' परत वाहून आणणं, म्हणजे तिकडची बातमी इकडे. 'पोर्टेबल' उचलून नेता येईल असं. 'सपोर्ट' मध्ये पुढचा तुकडा खालचा, म्हणून खालून वाहणं, खालून पेलणं.

'पोर्टर'. अर्थ लिहायला मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डब्ल्यू-एच आणि क ची जोडी ओळखणारी ती न बोलणारी मुलगी उठली, स्केचपेन घेतलं आणि लिहिलं : माथाडी. कोशात 'ओझी वाहणारा' असेल, पण मी तिचा शब्द बदलला नाही. माथ्यावर वाहतो तो माथाडी. शब्दातच कुठे वाहतो ते आहे, पोर्टर मध्ये तेवढं नाही. मुलांना सांगितलं की महाराष्ट्रात 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि त्याच्या नावातच हा शब्द आहे. माथाडींची संघटना बांधणाऱ्या अण्णासाहेब पाटलांचं नाव घेतलं तर दोघांनी एकदम सांगितलं की त्यांचा फोटो घरात आहे.

रविवार, 27 जुलै

कालच्यात दुरुस्ती. रात्री कोश घेऊन बसले होते.

'एअरपोर्ट' आणि न्हावा-शेव्याचं 'पोर्ट' हे पोर्तारे वरून नाहीत. बंदराला लॅटिनमध्ये 'पोर्तुस'. दाराला 'पोर्ता'. म्हणून हॉटेलच्या दाराशी उभा असतो तो पोर्टर वेगळा, दारवाला. वाहणं, बंदर आणि दार, तिघांचं मूळ खूप मागे पार जाण्याच्या एकाच कल्पनेत मिळतं, पण लॅटिनमध्ये ती तीन वेगळी चुलत घरं झाली होती. 'पासपोर्ट' चा पोर्ट बंदराचा. 'ऑपॉर्च्युनिटी' सुद्धा, बंदराच्या दिशेनं वाहणारा वारा. कोळीवाड्यातला माणूस संधी या शब्दासाठी हेच चित्र काढेल.

'स्पोर्ट' ची गंमत. पुढचा तुकडा झिजलेला आहे. आधी 'डिस्पोर्ट', मन दुसरीकडे वाहून नेणं, रमवणं. म्हणजे कबड्डी खेळणारा आणि गोणी वाहणारा एकाच सुतळीला.

आणि 'पोर्ट्रेट' तर या घरातलाच नाही! मी काल स्वतः लावला होता. तो रेखाटणं, ओढणं या अर्थाच्या शब्दातून आलाय, अक्षरं योगायोगानं जुळलीत. मुलांसमोर काढला. त्यांना सांगितलं की चुकलं माझं, कोश न बघता लावलं.

आता प्रश्न असा की काढलेल्यांचं काय करायचं? फेकून द्यावेसे वाटेनात. नववीतल्या एकानं तोडगा दिला : "ताई, आमच्या वर्गात चार पाटील आहेत, कुणी कुणाचा कोण नाही." भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात नवा रकाना : आडनावबंधू.

शनिवार, 2 ऑगस्ट

आडनावबंधू भराभर वाढताहेत. 'हॅम्बर्गर' मध्ये हॅम नाही, हॅम्बुर्ग शहर आहे. 'हिस्टरी' मध्ये हिज नाही, ग्रीक शब्द आहे चौकशी या अर्थाचा. 'पेडल' चा पेड हा पाय, संस्कृत पाद चा सोयरा, पण 'पीडियाट्रिक' चा पेड हा ग्रीकमधलं मूल.

आडनावबंधूंनी मला सोयऱ्यांपेक्षा जास्त शिकवलं असं आज वाटतं. अक्षरं जुळली की मूल लगेच गोष्ट रचतं, मीही रचते. म्हणून आजपासून नियम : अक्षरं जुळली तर कागद लावा, अर्थ जुळला तर टाचणी मारा, कोशानं हो म्हटलं तरच सुतळी.

रविवार, 3 ऑगस्ट

नियमाला लगेच अडचण. एस-एन. 'स्नीझ' शिंकणं, 'स्निफ' हुंगणं, 'स्नोअर' घोरणं, 'स्नाउट' डुकराचं नाक. सगळे नाकाचे. जी-एल : 'ग्लो', 'ग्लीम', 'ग्लिटर', 'ग्लिंट', सगळे चमकणारे. पण कोश सगळ्यांचं एकच मूळ देत नाही. स्नीझ तर जुन्या इंग्रजीत एफ-एन नं सुरू व्हायचा, नंतर या नाकवाल्यांत येऊन मिसळला.

अशा अक्षरजोड्यांना ब्रिटिश भाषातज्ज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये वेगळं नाव दिलं. तिथे नातं मुळापेक्षा कानानं जुळतं. आपल्याकडे झगमग, झळाळी, झळकणं, झिलई. हा झ कुठल्या धातूतून आला ते बघायला कुणी जात नाही, पण नव्यानं एखादा चमकदार शब्द करायचा झाला तर तो झ नंच सुरू करू. यांना सुतळी नाही, लोकरीचा लाल धागा बांधला. मानलेले भाऊबहीण. राखी पौर्णिमा येत्या शनिवारी आहेच.

रविवार, 10 ऑगस्ट

टी-डब्ल्यू. 'टू' चा डब्ल्यू गप्प, पण 'ट्विन' जुळं, 'ट्वाइस' दोनदा, 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'बिट्वीन' दोहोंमध्ये, सगळ्यांत बोलतो. ट्वेल्व्ह म्हणजे दहा मोजून दोन उरले. आपला द्वि, त्यांचा टी-डब्ल्यू. द चा ट होतो हाच ग्रिमचा नियम : दश आणि 'टेन', दंत आणि 'टूथ'. लॅटिनमध्ये द राहिला म्हणून 'डेंटिस्ट'.

मग डी-ई-एन-टी ची शोधाशोध. 'स्टुडंट', 'अ‍ॅक्सिडंट', 'प्रेसिडेंट' आले, तिघेही आडनावबंधूंत. त्यांच्यात तोडायचं ते डी च्या नंतर. डी मूळ शब्दाचा, मागचे तिघे प्रत्ययाचे. मुलं म्हणाली, संधी सोडवतो तसं. अगदी तसंच. चुकीच्या जागी तोडलं की विद्यार्थ्याला दात फुटतात.

पण 'इंडेंट' वर मीच हटले. आमच्या ऑफिसात पार्टीनं गाडी मागवली की त्याला इंडेंट म्हणतात. मी तो आडनावबंधूंत टाचला, कोश बघितला, आणि परत काढला. पूर्वी करार एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी, दातेरी फाडत. दोघांच्या तुकड्यांचे दाते जुळले की करार खरा. दातांवरूनच इंडेंट. सुतळी बांधली, डेंटिस्टपर्यंत.

उद्या ऑफिसात पहिली गाडी लावताना सगळ्यांना सांगणार आहे.

रविवार, 17 ऑगस्ट

पाऊस. भिंतीला ओल. के-एन चा अख्खा रकाना गळून पडला, शाई पसरली. चौघांनी बसून पुन्हा लिहिला. कोश कुणी उघडला नाही, लागला नाही.

बुधवार, 20 ऑगस्ट

सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप : खोलीत गणपती बसणार, शनिवारपर्यंत भिंत मोकळी करा. त्यांचं बरोबर आहे. पण तीनशेच्या वर कागद, सुतळ्यांसकट, सोडवायचे आणि पुन्हा बांधायचे म्हणजे सगळी जुळवणी गेली. फोटो काढून ठेवले. मोठ्या कापडाची चौकशी केली तर भाव परवडेना.

शनिवार, 23 ऑगस्ट

त्या न बोलणाऱ्या मुलीचे बाबा आले. दुपारपाळी करून थेट, खांद्यावर गोणपाटाची गुंडाळी. कांदा-बटाटा मार्केटातल्या रिकाम्या गोण्या उसवून, सपाट करून, तिच्या आईनं एकाला एक शिवलेल्या. दाराशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणाली भिंत मोडायची आहे. हे चालंल का बघा. धुतलंय, पण वास येईल जरा."

"अहो, आत या ना, दादा," म्हटलं. ते आत आले, भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मुलीनं बोट ठेवून माथाडी दाखवलं. त्यांनी आजूबाजूच्या सुतळ्या हातानं माग काढत बघितल्या, रिपोर्ट, सपोर्ट, स्पोर्ट. म्हणाले, "एवढे पाहुणे आमचे?"

गोणपाट भिंतीवर ताणून बांधलं, त्यांनीच गाठी मारल्या. टाचण्या त्यात मस्त बसतात, पेपरपेक्षा बऱ्या. रात्री साडेआठपर्यंत ज्ञा आणि पोर्ट ची घरं हलवून झाली.

रविवार, 24 ऑगस्ट

उरलेली घरं हलवली. आडनावबंधू शेवटी. गणपतीत गोणपाट गुंडाळून बाईंच्या गॅलरीत राहील, विसर्जनानंतर परत.

निघायच्या वेळी मुलगी कोश घेऊन बसली होती. विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, गोणीला इंग्रजीत 'गनी बॅग' म्हणतात, बाबांच्या पावतीवर असतं; तिला जी-यू-एन वरून 'गन' आडनावबंधूंत लावायची होती. तिनं पान माझ्याकडे वळवलं. गनी, जाड तागाचं कापड, त्याची पोती. आणि शेवटी, मूळ जिथे देतात त्या जागी : मराठी, गोणी.

तिनं कागदावर गनी लिहिलं, खाली गोणी. टाचणी मारली. सुतळी बांधायला दुसरा कागद शोधू लागली, मग शोधायची थांबली, आणि सुतळीचं दुसरं टोक सरळ गोणपाटातच ओवून गाठ मारली.